आधी बंद, मग हात

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या त्या मिस्त्रींना अख्खी गल्ली ‘आधीबंद’ म्हणायची. कुणी काहीही विचारलं तरी त्यांचं उत्तर ठरलेलं, "आधी मशीन बंद करा, मग वायरीला हात लावा." जुन्या मशीनला चालू असताना काही जोडलं तर आतली चिप जळते, हे ते बायकोलाही जेवताना ऐकवत. बिचारीला मिक्सर पुसायचीसुद्धा धास्ती वाटायची.

अकरा वर्षांपूर्वी त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या मेव्हण्याने चालत्या मशीनला प्रिंटर जोडला. ठिणगी उडाली. मिस्त्री धावत आले आणि त्यांनी पहिलं विचारलं, "मशीन वाचलं का?" नव्हतं वाचलं. चार गिऱ्हाइकांदेखत त्याला नको नको ते बोलून त्यांनी दुकानाबाहेर काढलं. बायको रडली, समजावून थकली, पण यांचा हेका कायम. तेव्हापासून बहीणभाऊ भेटायचे ते बाहेरच्या बाहेर.

आणि परवा मिस्त्री बूटवाल्या बाईंकडे गेले. या बाई वाकड्या पायांच्या मुलांसाठी मापाचे बूट करतात. पंधरा वर्षांची मापं एका म्हाताऱ्या कॉम्प्युटरात. मागे अंगठ्याएवढं डोंगल लावलेलं, म्हणजे प्रोग्रामची किल्लीच; प्रिंटरची केबलही त्याच्यातूनच जायची, आणि ते देणारी कंपनी केव्हाच बुडालेली. प्रिंटर तेवढा चालत नव्हता. गप्पा मारत मारत मिस्त्रींनी मागे हात घातला, जुनी केबल उपटली आणि नवी डोंगलला खुपसली. हल्लीच्या चपट्या तोंडाच्या यूएसबी वायरी चालू मशीनला खुशाल लावता येतात. दहा वर्षांत हाताला तीच खोड लागलेली.

चट्ट! जळका वास आला. पडद्यावर अक्षरं उमटली, ‘डोंगल सापडत नाही.’

मिस्त्रींनी मशीन बंद केलं, चालू केलं, तीनदा केलं. तेच.

बाई म्हणाल्या, "जाऊ द्या हो, जुनंच होतं. कधीतरी जायचंच."

सुटायची वाट आयती समोर होती. पण मिस्त्रींच्या तोंडून निघालं, "नाही बाई. चालू असताना लावली मी. मी लावली!"

बाईंचा चेहरा उतरला. "म्हणजे दोनशे पोरांचे पाय परत मोजायचे? शनिवारी ज्यांचे बूट द्यायचेत त्यांना काय सांगू?"

 मिस्त्री बाहेर पायरीवर येऊन बसले. बायकोला फोन करून त्यांनी मेव्हण्याचा नंबर मागितला. तिने कशाला म्हणून विचारलं नाही, फक्त एकेक आकडा सावकाश सांगितला.

"बोला, दाजी." मेव्हण्याकडे त्यांचा नंबर अजून होता.

"आज मी... चालू मशीनला केबल लावली. ठिणगी उडाली."

 आता हा अकरा वर्षांचं उट्टं काढणार, म्हणून मिस्त्रींनी डोळे मिटले.

"दाजी, हात भाजला नाही ना?"

 त्या दिवशी त्याचा हात मिस्त्रींनी पाहिलासुद्धा नव्हता.