चिठ्ठीत नसलेलं वाक्य

स्टेजवर उभं राहून गप्प बसायची शिक्षा परमेश्वरानं मला कधी करू नये. हिंगणघाटच्या आमच्या हायस्कुलात एका संमेलनात मला मेलेल्या राजाचं काम दिलं होतं. पडदा उघडताना नुसतं पडून राहायचं, एवढंच. पण समोर भरलेलं पटांगण पाहिलं आणि मी उठून बसलो. पदरची दोन वाक्यं बोललो आणि मग रीतसर मेलो. लोक खुर्च्यांवरून पडायच्या बेतात. लोक हसले की मला आणखी बोलावंसं वाटतं. ही खोड अजून गेलेली नाही, ते तुम्हाला दिसतंच आहे.

तेव्हा अकरावीला, म्हणजे मॅट्रिकच्या वर्षी, शेलापागोटे वाचण्याचं काम माझ्याकडे यावं यात नवल नव्हतं. संमेलनाआधी आठ दिवस एक बंद डबा ठेवत. कुणीही कुणाबद्दल गमतीची चिठ्ठी लिहून त्यात टाकायची, खाली आपलं नाव घालायचं नाही. मराठीचे सर त्या तपासत आणि निवडक चिठ्ठ्या सगळ्या गावासमोर वाचल्या जात. ज्याच्या नावानं चिठ्ठी निघे, त्यानं हसत स्टेजवर येऊन ती घ्यायची. मुलींच्या नावानं मात्र चिठ्ठी वाचत नसत. त्या वर्षी सर नवे होते, तरुण होते. म्हणाले, "वर्गात बसतात, तर गमतीत का नको?"

आमच्या वर्गात मुली तीन. त्यांतली एक सगळ्यांत हुशार. तिच्याशी आम्ही पोरं पाच वर्षांत एक शब्द बोललो नव्हतो, तशी रीतच नव्हती. पण तिची वही सर मागून घेत, ती टेबलावर राही आणि तिथून आमच्याकडे फिरे. तिचे वडील तहसील कचेरीत कारकून. गावात मुलीचं नाव कुणाच्या तोंडी आलं की शाळा बंद, या अटीवर त्यांनी तिला इथवर शिकू दिलं होतं. तिला मॅट्रिक व्हायचं होतं. मुलींच्या प्राथमिक शाळेतल्या मोठ्या बाईंनी तिला सांगून ठेवलं होतं, पास हो, आमच्याकडे शिकवायला ये. हे सगळं वर्गाला ठाऊक होतं. मलाही होतं.

तिच्यावरची चिठ्ठी अगदी साधी होती. 'हिची वही एक दिवस रजेवर गेली, तर अख्खी अकरावी नापास होईल.' सरांनी खाली लाल शाईनं बरोबरची खूण केली होती. मी ती वाचली. काय हशा पिकला म्हणून सांगू! हेडमास्तरसुद्धा हसले. दुसऱ्या रांगेत तिचे वडील बसले होते. त्या दिवशी तिला पहिल्या नंबराचं बक्षीस मिळायचं होतं. तेही हसले, मी पाहिलं. तिथं मी थांबायला हवं होतं. मी हात छातीशी घेतले, डोळे मिटले, मान कलती केली आणि म्हणालो, "अहो, पोरं ती वही उशाशी घेऊन झोपतात!"

पटांगण फुटलं. मागून शिट्ट्या आल्या. दुसऱ्या रांगेतला माणूस उठला. हातातला कार्यक्रमाचा कागद त्यानं नीट घडी करून खिशात ठेवला, मुलींच्या बाजूला गेला आणि म्हणाला, "चाल बाई." ती उठली. बक्षिसाचं टेबल वाटेतच होतं. त्याच्या बाजूनं दोघं निघून गेली.

तिसऱ्या दिवशी हेडमास्तर मला घेऊन तिच्या घरी गेले. तिच्या वडिलांनी आम्हाला चहा दिला, पोहे दिले. मी माफी मागितली.

"अरे बाबू, तू काऊन माफी मागतं? तू खोटं बोलला का?"

"हो काका. खोटंच."

"मंग आता गावभर जाऊन सांगशीन का, खोटं होतं म्हणून?"

मी हो म्हणणारच होतो. हेडमास्तरांनी माझा हात दाबला.

"तिचा काही दोष नाही," ते म्हणाले.

"मी कुठं दोष देऊन राह्यलो, सर? पोरगी माह्यी सोन्यासारखी आहे. पण शिट्टी वाजवणाऱ्याले मी घरोघर जाऊन थोडीच समजावणार? पोहे घ्या ना, थंडे होऊन राह्यले."

आम्ही पोहे संपवले. रागावले असते, तर काही आशा होती.

परीक्षेचं प्रवेशपत्र आलं, ते पोचवायला मीच गेलो. वडील कचेरीत होते. दार तिनंच उघडलं. पाच वर्षांत पहिल्यांदा ती माझ्याशी बोलली.

"बाबाजवळ द्या ते."

"मी पुन्हा बोलतो त्यांच्याशी. सगळं समजावून सांगतो."

"नको," ती म्हणाली. "तुमाले बोलता चांगलं येते. तुमी बोलसान अन् आणखी वाढवसान."

तिच्या आवाजात राग नव्हता. मी प्रवेशपत्र कचेरीत नेऊन दिलं. त्यांनी ते वाचलं, "बरं झालं आणलं," म्हणाले आणि टेबलाच्या खणात टाकलं. त्यांच्या घरी तोवर पाहुणे येऊन मुलगी पाहून गेले होते, हे मला नंतर कळलं.

परीक्षेला तिचा नंबर माझ्या पुढच्याच बाकावर होता. पहिल्या दिवशी सुपरवायझरनं तिथं कोरी उत्तरपत्रिका ठेवली, नंबर पुकारला, अर्धा तास वाट पाहून उचलून नेली. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशीही ठेवली, पण नंबर पुकारला नाही. चौथ्या दिवशी भूमितीचा पेपर होता. त्या बाकावर त्यांनी उरलेल्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा ठेवला, आणि मी मान खाली घालून पहिलं प्रमेय लिहायला घेतलं.