आडवं दार

माझ्या मुलीच्या खोलीचं दार आम्ही काढून हॉलमध्ये जमिनीवर आडवं टाकलं होतं, आणि त्याला कारण आयर्लंड होतं. हे मी त्या दिवसांत घरी आलेल्या प्रत्येकाला सांगून पाहिलं. ऐकणारा आधी माझ्याकडे बघायचा, मग रिकाम्या चौकटीकडे, आणि चहा संपवून जरा लवकरच निघायचा. म्हणून आता पहिल्यापासून सांगते.

आम्ही इथे आखातात, अल गराफा नावाच्या वस्तीत, एका व्हिलाच्या अर्ध्या भागात राहतो. नवरा गॅस कंपनीत इंजिनिअर, मी एका दवाखान्यात रिसेप्शनवर, आणि मुलगी चौदा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतून येतं. त्या वर्षी तर तेही दाराआडून यायला लागलं होतं. आई दार न वाजवता आत येते, अशी तिची तक्रार होती. येतेच. स्वतःच्या घरात दार वाजवायला मी काय पाहुणी आहे? झालं, तेव्हापासून आतून कडी. जेवायला चल म्हटलं की ‘कमिंग’, डब्याला काय देऊ म्हटलं की ‘एनिथिंग’. या दोन शब्दांवर आमचं मायलेकींचं नातं चाललं होतं. मला त्या दाराचा मनापासून राग होता. बाकीच्या खोल्यांची दारं पोकळ, कुणी शिंकलं तरी पलीकडे ऐकू जातं. हे एकच घरमालकाने आपल्या जुन्या घरातून आणून बसवलेलं, जाडजूड सागवानी. ते नेमकं हिच्याच वाट्याला यावं!

शाळेतल्या एका मैत्रिणीच्या नादाने ती आयरिश नाच शिकायला लागली. दर शनिवारी सकाळी अल दुहैलला एका शाळेच्या हॉलमध्ये क्लास असायचा. पहिल्या दिवशी मी बघत बसले तेव्हा मला वाटलं, नाच अजून सुरू व्हायचाय. कमरेच्या वर कुणी हलतच नव्हतं. मुठी आवळून हात खाली सोडलेले, मान ताठ, चेहरे शाळेच्या प्रार्थनेला उभं राहिल्यासारखे. आणि खाली बघावं तर पाय नुसते पेटलेले. लहानपणी मी थोडं कथक केलं होतं. तिथे करंगळी हलली नाही तर बाई ओरडायच्या, इथे करंगळी हलली की ओरडत होत्या.

इथल्या बाई आयर्लंडच्या. उंच, लालसर, आणि फार कमी बोलणाऱ्या. त्यांचे नियम दोनच. हात मेले आहेत असं समजा, हा पहिला. आणि ओळीत नाचताना पुढची जे करील ते तसंच्या तसं करा, मला विचारू नका, हा दुसरा. मार्चमध्ये त्यांच्या संताचा सण असतो, त्या दिवशी क्लासचा कार्यक्रम होणार होता. कठीण टाचांचे बूट घालून करायच्या नाचाची सुरुवात एकीने एकटीने करायची आणि मग बाकीच्या एकामागून एक येणार. ही पहिली कोण, ते बाई ठरवणार होत्या. आणि त्या बघून ठरवत नाहीत, डोळे मिटून ऐकतात. माझ्या मुलीचा एकेक ठोका त्यांना चिखलात पडल्यासारखा वाटत होता. तिला ती पहिली जागा हवी होती, इतकी की त्यापायी ती जेवेनाशी झाली.

घरात सगळीकडे फरशी. फरशीवर सराव केलास तर गुडघे जातील, लाकडावर कर, असं बाईंनी बजावलं होतं. नवऱ्याने उत्साहाने इंडस्ट्रियल एरियातून प्लायवूडची फळी आणली. ती पहिल्याच उडीला पापडासारखी मोडली. दुसरी सरकत सरकत सोफ्याखाली गेली, मुलीला घेऊन.

मग एका संध्याकाळी मुलगी आपणहून बाहेर आली आणि सोफ्यावर बसली. हीच मुळात बातमी होती. तिने सांगितलं की आयर्लंडच्या खेड्यात पूर्वी घरात मातीची जमीन असायची. कुणी चांगला नाचणारा आला की लोक घराचं दार काढून जमिनीवर टाकायचे आणि तो त्या दारावर नाचायचा. एवढं बोलून ती आपल्या खोलीच्या दाराकडे बघत राहिली. घरात अस्सल लाकडाची वस्तू तेवढी एकच होती. नवरा ड्रिल आणायला गेला. त्याला आयुष्यात एवढंच हवं असतं. मी चेहरा गंभीर ठेवला आणि मनातल्या मनात पेढे वाटले.

अट एकच होती. कार्यक्रम झाला की दार परत जागेवर. बाबांनी शब्द दिला.

चौकटीला मी माझी जुनी नारायणपेठ लावली. दार हॉलच्या मधोमध. आता प्रश्न असा की दाराला दसऱ्याला आपण तोरण बांधतो, हळदीकुंकू लावतो. त्याच्यावर बुटाने नाचायचं? मी म्हटलं, नाच बाई, पण आधी वाकून हात लाव आणि डोक्याला लाव. तिने डोळे फिरवले, तरी केलं. पुढे सवयच झाली. बूट बांधायचे, वाकायचं, दाराला हात, कपाळाला हात, की सुरू टकाटक.

एकदा एसी बघायला घरमालक स्वतः आले. सज्जन माणूस, अंगात पांढराशुभ्र पायघोळ थोब, हातात जपाची तसबी. आपल्या जुन्या घराचं दार जमिनीवर आणि त्यावर एक मुलगी हात न हलवता उड्या मारतेय, हे त्यांनी बराच वेळ बघितलं. नवऱ्याने आयर्लंडपासून सुरुवात केली. ते त्यांनी हाताने थांबवलं आणि हळू आवाजात विचारलं की मुलीच्या हातांना हे कधीपासून झालं? आम्ही काही बोलायच्या आत ‘इन्शाल्ला, बरे होतील’ म्हणाले. दाराबद्दल एक अक्षर नाही. दुसऱ्या दिवशी वॉचमनच्या हाती खजुराचा मोठा डबा आला. मुलगी आणखी काही दिवस आजारी राहिली तर बरं, असं नवऱ्याचं मत पडलं.

पण खरी गंमत साडीच्या पडद्याची. त्याला कडी नव्हती. मी पोळ्या लाटत असायचे आणि ती पलंगावर पडून बोलायची. पूर्वी नाचाचे मास्तर गावोगाव फिरायचे, शेतकऱ्यांच्या पोरांना डावं-उजवं कळायचं नाही, म्हणून एका पायाला पेंढा आणि दुसऱ्याला गवत बांधायचे म्हणे. हात का हलवत नाहीत, याची तर तिच्याकडे पाच-सहा कारणं होती. पाद्र्यांना हातवारे आवडत नव्हते. स्वयंपाकघरात जागा नव्हती. रस्त्यावरून जाणाऱ्याला खिडकीतून फक्त धड दिसावं आणि कळू नये की आत नाच चाललाय. मी म्हटलं, आमच्या नाशिकला शेजारणीला पायाच्या आवाजावरून कोण नाचतंय हेही कळलं असतं. ती हसली. यातलं खरं कुठलं, ते बाईंनाही ठाऊक नव्हतं. मला फार बरं वाटत होतं. इतकं, की बिजागऱ्यांचे स्क्रू मी नवऱ्याच्या पेटीतून काढून पिठाच्या डब्यामागे ठेवले.

बाईंनी डोळे मिटून ऐकलं आणि पहिली जागा तिला दिली.

कार्यक्रमाला सगळ्या मुलींनी कुरळ्या केसांचे टोप घातले होते. माझी मुलगी टोपाखाली ओळखू येईना. संगीत सुरू झालं, ती एकटी स्टेजवर आली, ताठ, हात खाली. आणि वाकली. लाकडी स्टेजला हात लावला, कपाळाला लावला. पहिल्या रांगेत बाईंचं तोंड उघडंच राहिलं. मुलीच्या लक्षातही आलं नव्हतं. ती नाचायला लागली, आणि एकेक ठोका असा स्वच्छ पडत होता की मी रडायलाच लागले.

मग दुसरी आली. बाईंचा नियम आठवून तीही वाकली, स्टेजला हात, कपाळाला हात. तिच्या मागची तशीच. सोनेरी टोपवाल्या, गोऱ्या, घाऱ्या डोळ्यांच्या मुली एकामागून एक येत होत्या आणि शिस्तीत नमस्कार करून नाचायला लागत होत्या. सगळ्यात शेवटच्या छोटीने तर दोनदा केला.

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. माझ्या शेजारी एक म्हातारे आयरिश गृहस्थ होते. डोळे पुसत त्यांनी मला समजावलं की ही त्यांच्याकडच्या पश्चिम किनाऱ्यावरची फार जुनी रीत आहे. त्यांची आजीही दारावर नाचण्याआधी असंच करायची. हल्लीच्या पोरी विसरल्या होत्या, या बाईंनी बरोबर परत आणली. मी मान डोलावली. बाई मागेच उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग त्या म्हाताऱ्यांकडे, आणि त्याही मान डोलावून मोकळ्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा स्क्रू शोधत होता. पेटी उपडी केली, गाडीत बघितलं. मी चहा करत होते. मुलगी ओट्यापाशी येऊन उभी राहिली. ती जे इंग्रजीत म्हणाली त्याचं मराठी असं, “आई, मला दार हवंय. तू नकोस, असं नाही.”

मी पिठाचा डबा बाजूला केला.

दार बसवताना मी एका बाजूने धरलं होतं. नाचलेली बाजू बाहेर आली होती, बुटांच्या खुणांनी भरलेली. मुलगी आत गेली. सवयीने दाराला हात लावला, कपाळाला लावला, आणि माझ्या तोंडावर ते बंद केलं. आतून कडी.

मी त्या खुणांकडे बघत उभी राहिले. नवरा ड्रिल गुंडाळून गेला. मग मी हात वर केला आणि दार वाजवलं. माझ्याच घरात.

“पाच मिनिटं, आई.”

मी थांबले.