मोजणीवाले मुनव्वरभाई

मुनव्वरभाईंशी माझी ओळख भांडणाने झाली, आणि भांडण मीच काढलं होतं. आधीच कबूल करते, म्हणजे पुढचं सांगायला मोकळी.

धायरी महापालिकेत गेली, त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची गोष्ट. रस्त्यावर गाड्यांना नुसता ऊत आला होता. आमचं घर रस्त्याच्या अलीकडे, लेकीची, सरूची शाळा पलीकडे. सरू तेव्हा दुसरीत. रोज सकाळी तिचा हात घट्ट धरून मी कडेला उभी राहायची आणि एकही शहाणा ब्रेकला पाय लावायचा नाही. एकदा एका टेम्पोने तिच्या खांद्यावरचं दप्तर ओढून नेलं. दप्तर गेलं, पोर वाचली. दुसऱ्याच दिवशी आळीतल्या बायका गोळा केल्या आणि फाट्यावर सिग्नल हवा म्हणून अर्ज ठोकला. पहिली सही माझी. उत्तर आलं, 'वाहनगणना करून निर्णय घेण्यात येईल.' म्हटलं झालं, आता सरूच्या लग्नापर्यंत वाट बघा.

तीन महिन्यांनी एका सकाळी एक माणूस फाट्याजवळ डांबरावर आडवी काळी रबरी नळी अंथरून खिळे ठोकत बसलेला दिसला. नळीचं टोक एका पेटीत, पेटी कडेच्या बाभळीला साखळीने बांधलेली. मी विचारलं, हे काय चाललंय? मान वर न करता तो म्हणाला, "मोजणी."

आता शहरातल्या माणसाला हे कळायचं नाही. आमच्या गावात मोजणी एकच, जमिनीची. मोजणीवाले आले की मागून खुणेचे दगड येतात, दगडांमागून नोटीस येते आणि मग जमीन जाते. रस्त्याकडेला आमची अकरा गुंठे काय ती उरलेली, तीही रुंदीकरणात जाणार अशी आवई होतीच. मी त्याला तिथल्या तिथे चार शब्द सुनावले आणि तडक घरी येऊन सासऱ्यांच्या कानावर घातलं. आमचे मामंजी, गेनबा, बोलायला कमी आणि करायला पुढे. तीन दिवस धुमसले. मग कोयता उचलला आणि नळीचे दोन तुकडे करून आले. वर मी त्यांना आलं घालून चहा दिला, काय सांगू!

आणखी दोन दिवसांनी तोच माणूस, म्हणजे महापालिकेचे मुनव्वरभाई, पेटीतले आकडे बघायला आले. आता हा आरडाओरडा करणार, पोलीस आणणार, म्हणून मी पदर खोचूनच गेले होते. पण ते दगडावर बसले, खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि शांतपणे म्हणाले, "वहिनी, या अर्जावर पहिली सही कुणाची आहे, ठाऊक आहे का आपल्याला? त्यांना सांगायचं होतं, त्यांच्या सिग्नलची मोजणी बंद पडली."

कागद माझा. सही माझी. धरणीने पोटात घ्यावं असं झालं. वाहनगणना म्हणजे हीच मोजणी, एवढी साधी गोष्ट माझ्या टाळक्यात शिरली नव्हती, आणि पोटच्या पोरीच्या सिग्नलवर मीच कोयता चालवायला लावला होता.

मग त्यांनी सगळं समजावलं. चाक नळीवरून गेलं की आतली हवा दाबली जाते आणि पेटीतली कळ एकदा वाजते. पुढच्या चाकांची एक, मागच्या चाकांची एक, अशा दोन कळा झाल्या की पेटी एक गाडी धरते. सात पुरे दिवस लागतात. तीन मिळाले होते, दोन बुडाले होते, उरलेले दोन मिळाले तरी त्यानंतर पेटी हडपसरला जायची होती. आकडे अपुरे पडले तर आमचा अर्ज पुन्हा रांगेच्या शेवटी.

नळी त्यांनी तिथेच सांधली. कसबा पेठेत त्यांच्या वडिलांचं, अल्लाबक्षांचं, सायकलदुरुस्तीचं दुकान होतं, पुण्यात सायकलीच सायकली होत्या तेव्हाचं. हा माणूस पंक्चर काढत वाढलेला. पिशवीतून पितळी नळकांडं काढलं, दोन्ही टोकं त्यावर चढवली, सोल्यूशन लावून वर ट्यूबची पट्टी आवळली आणि कान लावून ऐकलं. हवा धरत होती.

पण बुडालेले दोन दिवस पट्टीने थोडेच भरून येतात? हाताने मोजलेलं चालतं म्हणाले. मात्र सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत, आणि माणसं दोन हवीत, येणाऱ्या बाजूला एक, जाणाऱ्या बाजूला एक. कचेरीकडे माणूस नव्हता. मुनव्वरभाईंनी स्वतःची रजा टाकायचं ठरवलं. दुसरी मीच होणार होते, तेवढ्यात मागून मामंजी बोलले, "म्या बसतो. नळी म्या तोडली हाय."

मामंजींना लिहिता येत नव्हतं. पण खळ्यावर पन्नास वर्षं धान्य मापलेला माणूस. मापताना पहिल्या मापाला आमच्यात 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन. मामंजींनी गाड्याही तशाच मापायला घेतल्या, वीस झाल्या की एक खडा बाजूला. पेटी होती ते दोन दिवस त्यांची परीक्षा झाली. दुपारच्या एका तासाला पेटी म्हणाली चारशे बारा, मामंजी म्हणाले चारशे अकरा. एकच चुकली, वा, असं मुनव्वरभाई म्हणाले तर मामंजी अडून बसले, चूक माझी नाहीच. शोधता शोधता उलगडलं. त्या तासात उसाची एक ट्रॉली गेली होती. ट्रॅक्टरच्या दोन कळा, ट्रॉलीच्या दोन, म्हणून पेटीने गाड्या दोन धरल्या. मशिनीला ट्रॅक्टर कळत नाही, हे मामंजींनी पुढे वर्षभर भेटेल त्याला ऐकवलं.

मग पेटी गेली, आणि ते दोन दिवस दोघे रस्त्याच्या दोन कडांना बसले. दुपारी मी पिठलं-भाकरी न्यायची, मुनव्वरभाईंच्या डब्यात त्यांच्या बायकोने, अख्तरबानूंनी, दिलेला शिरा असायचा, त्यातला अर्धा मामंजींच्या पोटात. मुनव्वरभाईंच्या तक्त्यात रस्ता ओलांडणाऱ्या माणसांचाही रकाना होता. सरूने विचारलं, मी आहे का यात? त्यांनी सकाळी सातच्या तासाखालची पहिली उभी रेघ दाखवली. ही तू. पोरगी दिवसभर आळीत सांगत फिरली, मी कागदावर आहे.

आता खांबांवर कॅमेरे आलेत, नळीबिळी काही लागत नाही. मुनव्वरभाई निवृत्त झाले, पण रस्त्याकडेला उभे राहिले की त्यांची बोटं अजून आपोआप हलतात. मामंजी गेले तेव्हा खांदा द्यायला आले होते, आणि ईदेला आम्ही कसब्यात असतोच.

सिग्नल लागला दिवाळीनंतर. पहिल्या सकाळी मुनव्वरभाई मुद्दाम आले होते. दिवा लाल झाला आणि त्या सगळ्या माजलेल्या गाड्या, बस, टेम्पो, ट्रक, मुकाट उभ्या राहिल्या. मला रडूच फुटलं. सरूने माझ्या हातातून हात सोडवून घेतला आणि एकटी, दप्तर सावरत, पलीकडे गेली.

मामंजी मोठ्याने म्हणाले, "लाभ."

तिच्यामागून आळीतली पोरं निघाली, आणि मुनव्वरभाईंनी पुढचं मोजायला घेतलं. दोन. तीन.