रायफल, लाटणं आणि दत्तरावांचा हात

माणसाला संसारात काय काय चोरावं लागेल, सांगता येत नाही. झरीच्या दत्तरावांनी साठाव्या वर्षी स्वतःच्याच घरातलं लाटणं चोरलं, आणि तेही ऐन पितृपंधरवड्यात. वडिलांची तिथी दोन दिवसांवर, पुरण शिजवायचं ठरलेलं, आणि लाटणं गायब. धुरपताबाईंनी डबे पालथे घातले, फळी पाहिली, शेजारच्या सुनेवर संशयसुद्धा घेऊन झाला. लाटणं निघालं मागच्या पडवीत. त्याला सँडपेपर गुंडाळलेला आणि नवरा त्यानं रायफलीचं लाकूड घासत बसलेला.

दत्तराव फौजेतून हवालदार होऊन आलेले. घरची काळी जमीन, कापूस आणि सोयाबीन, कशाची ददात नाही. पण नाद एकच, नेमबाजीचा. पलटणीत जिंकलेल्या ढाली अजून देव्हाऱ्याच्या वर टांगलेल्या आहेत. घरी आल्यावर रीतसर लायसन काढून त्यांनी एक जुनी पॉइंट टू टू घेतली. ही बारक्या गोळीची रायफल, पन्नास मीटरवरच्या कागदावर मारायची. मोटारसायकलला पेटी बांधून परभणीच्या क्लबात जायचं, पालथं पडून गोळ्या मारायच्या आणि जेवायच्या वेळेला घरी. गावातले म्हणायचे, ह्या वयात लोक टाळ धरतात, ह्यांनी बंदूक धरली.

रायफल मात्र लहरी निघाली. पहिल्या दोन गोळ्या जागेवर बसायच्या आणि पुढच्या वाट फुटेल तिकडे जायच्या. पावसाळ्यात तर विचारूच नका. कारण दत्तरावांना ठाऊक होतं. ओल धरून लाकूड फुगायचं आणि नळीला टेकायचं. टेकलेल्या नळीला गोळी सुटताना उगाच रेटा बसतो, आणि इथला केसभर फरक पन्नास मीटरवर बोटभर होतो. पलटणीत हत्यारं दुरुस्त करणारा एक कारागीर होता, तो म्हणायचा, नळी ब्रह्मचारी पाहिजे, तिला लाकडाचा स्पर्श नको. म्हणून हे घासणं. आणि नळीच्या जाडीला बरोबर बसणारी गोल वस्तू घरात एकच, धुरपताबाईंचं लाटणं. त्या तिथीला पोळ्या बाटलीनं लाटल्या गेल्या. पितरांनी गोड मानून घेतल्या असतील, धुरपताबाईंनी काही गोड मानून घेतलं नाही.

नवरात्र बसलं तरी पडवीत घासणं चालूच. नळी लाकडाला धरणारे दोन्ही स्क्रू सारख्या ताकदीनं आवळून झाले आणि दत्तरावांनी बायकोला मुद्दाम हाक मारली. वर्तमानपत्राची एक पट्टी नळी आणि लाकडाच्या मधल्या फटीत सरकवून त्यांनी पुढून मागपर्यंत ओढून दाखवली. कुठं अडकली नाही. धुरपताबाईंनी वाकून फट नीट पाहिली. आता ही फट त्यांच्या लक्षात राहणार, आणि त्यातून काय उपटणार, हे बिचाऱ्या दत्तरावांना कुठून कळावं!

रायफल सुधारली, आणि अशी सुधारली की क्लब बघत राहिला. आधी पाच भोकं बशीएवढ्या जागेत पसरायची, आता ती दहाच्या नाण्याखाली झाकायला लागली. क्लबाचा कारभार बघणारा परमेश्वर, त्याचं बाजारात भांड्यांचं दुकान, तो ह्याच कामासाठी खिशात नाणं ठेवायला लागला. दिवाळीनंतर पुण्यात ज्येष्ठांची राज्य स्पर्धा होती. त्यानं दत्तरावांचं नाव न विचारता घातलं.

खंडेनवमीला घरात हत्यारं मांडली. विळे, कुऱ्हाड, खुरपी, ट्रॅक्टरचे पाने आणि टोकाला रायफल. धुरपताबाईंनी सगळ्यांना कुंकू लावलं, फुलं वाहिली. दुसऱ्या दिवशी सोनं लुटून झालं आणि दसरा संपला.

दसऱ्यानंतरच्या रविवारी भोकं पुन्हा बशीभर पसरली.

पुढच्या रविवारी तेच. परमेश्वरनं काढलेलं नाणं न बोलता खिशात परत घातलं, आणि ते न बोलणंच दत्तरावांना लागलं. त्यांनी गोळ्यांचा डबा बदलला. नेम धरायची दुर्बीण उतरवून पुन्हा बसवली. परभणीत डोळे तपासून नवा चष्मा केला. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! फट तेवढी परत पाहिली नाही. ती आपण स्वतः घासलेली, कागद फिरवून पारखलेली, तिच्यावर कसला आलाय संशय? संशय आला तो हातावर.

त्याला कारण होतं. दत्तरावांचे वडील आबासाहेब, उधळलेला बैल एका हातानं आवरणारा माणूस. साठी लागली आणि त्यांचा उजवा हात कापायला लागला. आधी बशीतला चहा सांडला, मग घास तोंडापर्यंत पोचेना. शेवटची वर्षं धुरपताबाईंनी त्यांना लेकराला भरवावं तसं लहान चमच्यानं भरवलं. आबासाहेब भरवून घेताना सुनेकडं बघायचे नाहीत, भिंतीकडं बघायचे. ते भिंतीकडं बघणं दत्तराव विसरलेले नव्हते.

आता आपलीही साठी आली. नाचता येईना अंगण वाकडं, असं दुसऱ्याला म्हणणं सोपं असतं. दत्तराव ते स्वतःला म्हणायला लागले. गाडीच्या पुढच्या ब्रेकवर ठेवलेली बोटं ते चोरून बघायचे. जन्मभर बशीत ओतून फुर्रकन चहा प्यालेला माणूस, तो पेल्यातून प्यायला लागला, तेही दोन्ही हातांनी धरून. बायकोला त्यांनी काही सांगितलं नाही. बायकोनंही काही विचारलं नाही. एरवी मिठाच्या खड्यावरून तास तास बोलणारं हे जोडपं गप्प गप्प झालं.

शेवटी त्यांनी परमेश्वरला फोन केला. पुण्याचं माझं नाव काढ आणि रायफलही तूच घे, कागदपत्रं रीतसर करू, उद्या घेऊन येतो. परमेश्वर पुष्कळ बोलला, दत्तराव हं हं करत राहिले.

बैल विकायचा तरी आपण धुऊन, शिंगांना तेल लावून विकतो. त्या संध्याकाळी दत्तराव पडवीत रायफल पुसायला बसले. नळीखालचं लाकूडही पुसून द्यावं म्हणून त्यांनी दोन्ही स्क्रू सोडले आणि नळी उचलली. हाताला पिवळं लागलं. मधोमध, नळी बसते त्या खाचेच्या तळाशी, फटीतून आत सारलेली, चपटी झालेली कागदाची पुडी होती. चार घड्या आणि वरचा कोपरा आत खोचलेला. जगात अशी पुडी एकच बाई बांधते. आत माळेगावच्या खंडोबाचा भंडारा.

दत्तरावांनी खाच पुसली, नळी बसवली, स्क्रू आवळले आणि कागदाची पट्टी फिरवली. सरसर गेली. पण लगेच आनंद करायची हिंमत होईना. पुडी हे कारण असेलही, नसेलही. त्यांनी ती शर्टाच्या खिशात ठेवली आणि घरात काही बोलले नाहीत.

सकाळी क्लबात परमेश्वर रायफल घ्यायला उभाच होता. दत्तराव म्हणाले, देण्याआधी पाच गोळ्या मारतो. पालथे पडले, श्वास सोडला, मारल्या. परमेश्वर कागद आणायला गेला आणि येताना चालत आला नाही, पळत आला. त्यानं खिशातून नाणं काढून कागदावर ठेवलं. एकही भोक बाहेर दिसेना.

दत्तराव उठलेच नाहीत. तिथंच सतरंजीवर कपाळ टेकवून पडून राहिले. परमेश्वर घाबरला, काय झालं म्हणून खांदा हलवायला लागला. तर म्हातारा हसत होता, आणि डोळ्यातून पाणी गळत होतं. महिनाभर वर अडकलेला जीव आत्ता कुठं भांड्यात पडला होता. गोळी काही डॉक्टर नाही, हे त्यांनाही कळत होतं. पण कापऱ्या हातानं पाच भोकं नाण्याखाली जात नाहीत, एवढं त्यांना फौजेनं शिकवलं होतं. रायफल आता देणार का, हे परमेश्वरनं विचारलंच नाही.

घरी आल्यावर त्यांनी पुडी बायकोपुढं ठेवली आणि ती नळीखाली कशी अडली, सगळं सांगितलं. धुरपताबाईंचा चेहरा उतरला. देवाचं करायला गेले आणि नवऱ्याचंच नुकसान करून बसले, ह्या विचारानं त्या खाली बसल्या.

दत्तराव म्हणाले, "अगं, जिंकावं म्हणून ठिवलीस, त्यात काय एवढं."

"जिंकायसाठी न्हाई ठिवली," धुरपताबाई म्हणाल्या. "तुमच्या हातासाठी ठिवली. नवमीच्या सकाळी तुमच्या बशीतला चहा सांडला. मला आबाच दिसले."

दत्तरावांनी सांगितलं, की आदल्या दिवशी पूजेसाठी विळे, कुऱ्हाड घासत होतो, मनगट भरून आलं होतं, म्हणून सांडला. त्याच हाताला मी महिनाभर भीत होतो, तुला कसं सांगू म्हणून गप्प होतो.

"अन् तुमी बशी सोडली, तवा माझी तर खात्रीच झाली," त्या म्हणाल्या.

एकाच भीतीला दोघं एकाच घरात दोन कोपऱ्यात बसून घाबरत होते. काय म्हणावं ह्यांना!

धुरपताबाईंनी उठून चहा टाकला. बशी काढली आणि काठोकाठ भरली, इतकी की धक्का लागला तर सांडलाच. दत्तरावांनी ती एका हातानं उचलली. त्या नवऱ्याच्या तोंडाकडं बघत नव्हत्या, चहाकडं बघत होत्या. चहा हलला नाही. बशी ओठांना लागली आणि फुर्रकन आवाज झाला.

मग त्या फळीकडं गेल्या. आबासाहेबांना भरवायचा लहान चमचा वर्षानुवर्षं पेटीच्या तळाशी पडलेला होता. तो घासूनपुसून फळीवर मांडलेला दत्तरावांना आत्ता दिसला, आणि बाईनं तो कुणासाठी काढून ठेवला होता, हेही कळलं. धुरपताबाईंनी चमचा उचलला, पदरानं पुसला आणि मिठाच्या बरणीत खोचला.

"ऱ्हाऊ द्या आता हितंच," त्या म्हणाल्या, "अन् माझं लाटणं तेवढं नवं आणा."