तिसऱ्या कडव्यातला थांबा

कोलकात्यात, डमडमच्या त्या गल्लीत आगाशे म्हणून विचारलंत तर कुणी ओळखणार नाही. "पियानो आंटी" म्हणा, पानवालासुद्धा बोट करून दाखवेल. पहिला मजला, गंजलेला जिना, आणि दुपारपासून दिवेलागणीपर्यंत एकामागून एक येणारी मुलं. विमानतळ जवळच, त्यामुळे डोक्यावरून विमान गेलं की अख्खी गल्ली बोलता बोलता गप्प होते. श्यामला आगाशेंच्या शिकवणीत मात्र ती सवलत नाही. विमान त्याच्या वाटेने जाईल, तू तुझ्या वाटेने जा, असं ती मुलांना बंगालीत सुनावते. इतकी वर्षं इथे काढल्यावर तिला आता रागावायलाही बंगालीच सोयीचं पडतं.

लिहिलेलं नाही तिथे थांबायचं नाही, हा तिचा नियम. आत फोडणी करत असली आणि बाहेर कुणी अर्धी मात्रा जास्त रेंगाळलं, तर ही बाई झाऱ्यासकट दारात हजर. मुलं टरकून असायची. पण आंटीची मुलं परीक्षेत अडखळत नाहीत असा लौकिक होता, त्यामुळे आयांची काही तक्रार नव्हती.

नवरा चारुदत्त बँकेत. बदलीवर कोलकात्याला आला आणि इथलाच झाला. बढतीवर मुंबईला जायची वेळ आली तेव्हा त्याने नकार कळवला, आणि लोकांना सांगितलं, एवढं धूड जिन्यावरून कोण उतरवणार? पियानोचं निमित्त हो! त्याच सुमारास श्यामलाने मराठी मंडळात चार आवाजांत गाणारा गट उभा केला होता, आणि माहेर सोडल्यापासून पहिल्यांदाच ती मनापासून हसायला लागली होती. ते मोडायचं त्याच्या जिवावर आलं. तो स्वतः त्या गटातला सगळ्यात खालचा आवाज. पाठांतराच्या नावाने आनंद, पण स्वर असा भरीव की खर्जातले बाकीचे तिघे त्याच्यावर भार टाकून निर्धास्त गायचे.

गेल्या ऑगस्टमध्ये तो फुप्फुसाच्या आजाराने गेला.

तेरावं झालं आणि श्यामलाने शिकवणी पुन्हा सुरू केली. कोलकात्याच्या दमट हवेत पावसाळाभर पियानोच्या पोटात एक बल्ब पेटता ठेवावा लागतो, नाहीतर पट्ट्या फुगून अडकतात. ते काम चारुदत्तचं होतं, ते आता ती करू लागली. लोक म्हणाले, बाई किती खंबीर! कसली खंबीर नि कसलं काय. तिला काही होतच नव्हतं, एवढंच. जेवण बरं लागत नव्हतं आणि वाईटही लागत नव्हतं. मुलगी आभा पुण्याहून रोज फोन करून रडायची, आणि तिची समजूत घालता घालता श्यामला गॅसवरच्या दुधाकडे बघत राहायची. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तसं तिला सगळं अंगच झालं होतं. नवरा गेला आणि आपल्याला रडू येत नाही याची तिला लाज वाटे, पण तीही कुठेतरी लांबून.

डिसेंबरात एस्प्लनेडजवळच्या एका चर्चच्या सभागृहात शहरातल्या गायक-गटांचा मेळावा भरतो. मंडळाचा गट तिथे दरवर्षी एकच गाणं म्हणतो, पैलतीराला निघालेल्या नावेचं. शब्द मंडळातल्याच एका काकांचे, चाल श्यामलाची, आणि गटासमोर उभं राहून हाताच्या इशाऱ्याने गाऊन घेणारीही तीच. यंदा राहू दे, असं सुधाने सुचवून पाहिलं. सुधा म्हणजे गटातला सगळ्यात वरचा आवाज आणि श्यामलाची जुनी मैत्रीण. श्यामलाने ऐकून घेतलं आणि रविवारच्या तालमी लावल्या. चारुदत्तच्या जागी ऋषभला घेतलं. हा नाशिकचा, इथे आयटीत, नुकताच आलेला. आवाज खणखणीत, आणि चारुदत्तला त्याने कधी पाहिलेलंसुद्धा नव्हतं.

हा ऋषभ तिसऱ्या कडव्यात दर वेळी पुढे पळायचा. ओळीच्या मध्यावर सगळे थांबत आणि हा एकटाच गात सुटे. पहिल्यांदा सगळे हसले. दुसऱ्यांदा श्यामला त्याच्यावर करवादली. तिसऱ्यांदा त्याने नोटेशनचा कागद पुढे धरला.

"काकू, इथे थांबा लिहिलेला नाही. मग आपण सगळे का थांबतो?"

कुणी खिडकीबाहेर बघायला लागलं, कुणी आपल्या चपलांकडे. श्यामलाने कागद हातात घेतला. अक्षर तिचंच. ओळ सलग होती. ती म्हणाली, चूक माझी, पुन्हा घेऊ. पुन्हा घेतलं, आणि पुन्हा सगळे थांबले, कारण तिचा हातच थांबला.

तालीम संपल्यावर सुधा तिच्याबरोबर मेट्रोपर्यंत आली. स्टेशनच्या जिन्याशी पोचल्यावर म्हणाली, "चारुदत्त तिथे श्वास घ्यायचा गं. तू हात धरून ठेवायचीस, म्हणून आम्ही थांबायचो. आम्हाला वाटलं, तू त्याच्यासाठी मुद्दाम ठेवलंयस."

घरी येऊन श्यामला पियानोवर बसली आणि तिसरं कडवं वाजवायला घेतलं. बोटं त्या जागी आपोआप थबकली. मग हळूहळू आठवायला लागलं. सुरुवातीची कितीतरी वर्षं ही ओळ सरळ जात होती. मग एका गणपतीत त्याला मध्येच दम घ्यावा लागला आणि तिने नकळत जागा दिली. पुढच्या वर्षी जागा वाढली. गेल्या डिसेंबरात तर ती इतकी लांबली होती की सभागृहात कुणीतरी खोकल्याचं ऐकू आलं होतं. आणि हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं होतं, यांना धाप कधीपासून लागते, तेव्हा ही म्हणाली होती, झाला असेल महिना. महिना! हिचा हात त्याचे श्वास वर्षानुवर्षं सांभाळत होता आणि हिला पत्ता नव्हता. परक्या मुलांची अर्धी मात्रा स्वयंपाकघरातून पकडणारी ही बाई, आणि शेजारी झोपणाऱ्या माणसाचा दम तिला ऐकू आला नव्हता.

मुलांची चूक लक्षात यावी तशी, तेवढीच, ती तिच्या लक्षात आली, आणि तिने पियानोचं झाकण लावलं.

पण मग आता त्या जागेचं करायचं काय? बुजवली तर गाणं शुद्ध होणार होतं, जन्मभर शिकवलं तसं. पण त्याचे कपडे आभाने देऊन टाकले होते, चष्मा कुठल्याशा ड्रॉवरमध्ये गेला होता, आणि गाण्यातला त्याचा तेवढाच एक श्वास शिल्लक होता. ठेवली, तर गेलेल्या माणसाने दम घ्यावा म्हणून एवढी माणसं दरवर्षी ताटकळत उभी राहणार. आठवडाभर तिला हेच. मुलं पियानोवर चुकत होती आणि आंटी काही बोलत नव्हती, तेव्हा मुलंही घाबरली.

रविवारी तिने गटाला सांगितलं, ओळ सलग जाईल.

"नक्की?" सुधाने विचारलं.

"लिहिलंय तसंच."

तिला आपल्या हाताचा भरवसा उरला नव्हता. म्हणून तालमीत तिने सगळ्यांना पाठमोरं उभं केलं. माझ्याकडे बघू नका, एकमेकांचं ऐका आणि पुढे जा, असं बजावून तिने ती ओळ घोटून घोटून घेतली. डिसेंबरापर्यंत ऋषभच्या आवाजावर भार टाकून सगळे सरळ जायला लागले.

मेळाव्याच्या दिवशी सभागृह भरलं होतं. श्यामला श्रोत्यांकडे पाठ करून उभी राहिली, मोतिया रंगाची साडी, केस घट्ट बांधलेले. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. तिसऱ्यात ती जागा आली आणि एवढं सगळं करूनही तिचा हात हवेत थांबला.

गट थांबला नाही. ऋषभचा खर्ज खालून भरून आला आणि ओळ अखंड पैलतीराला गेली, कित्येक वर्षांत गेली नव्हती इतकी स्वच्छ. श्यामला हात तसाच धरून त्या श्वासाची वाट बघत राहिली. तो आला नाही. त्याच्यासाठी थांबलेलं तिथे तिच्याशिवाय कुणीही नव्हतं. चारुदत्त मेला, हे तिला तेव्हा कळलं. ऑगस्टमध्ये नव्हे, स्मशानात नव्हे, तिथे, त्या क्षणी.

ती रडत होती, तोंड वेडंवाकडं करून, लहान मुलीसारखी. श्रोत्यांना तिची ताठ पाठ तेवढी दिसत होती. गटाला चेहरा दिसला, सुधाचा आवाज जरासा हलला, पण तिने बजावलं होतं तसं ते एकमेकांचं ऐकत शेवटपर्यंत गायले.