पत्र्यावरचा कडबा

बहात्तरच्या दुष्काळातल्या उन्हाळ्यात मी तामलवाडीजवळ सहकारी सोसायटीच्या घरांच्या बांधकामावर देखरेखीला होतो. विटांची एकेरी भिंत आणि वर पत्रा, अशी ती घरं. त्यातल्या बांधून झालेल्या एका घरात एक म्हातारा राहायला आला होता. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. त्याची बायको अंथरुणाला खिळलेली होती.

त्यांच्या जुन्या घराच्या हातभर जाड मातीच्या भिंती ऊन बाहेरच थोपवायच्या. इथं दुपारी भिंतीला हात लावता येत नसे. म्हणून म्हाताऱ्यानं पत्र्यावर कडब्याचा जाड थर पसरला होता. त्यानं खोली बरीच निवायची.

वैशाखात गावातली वैरण संपली. मग तो रोज सकाळी शिडीवर चढायचा, पत्र्यावरची एक पेंढी ओढायचा, तिची धूळ झटकायचा आणि दारातल्या बैलापुढं टाकायचा.

"मामा, आत मामींना उकाडा सोसायचा नाही," मी एकदा म्हणालो.

"तीच म्हणती, काढा. माणसाला उद्यावर ठिवता येतं, सायेब. जनावराला काय सांगावं?"

थर विरळ होत गेला. शेवटी पत्रा पुरता उघडा पडला आणि त्याच आठवड्यात म्हातारी गेली.

त्यानंतर तो घराचं दार लावून भर उन्हात बैलापाशी बसलेला दिसायचा.

"मामा, आमच्या मांडवात या. तिथं सावली आहे," मी म्हणालो.

त्यानं बैलाच्या मानेवरून हात फिरवला.

"नगं," तो म्हणाला. "ह्याला एकट्याला करमत न्हाय."