हवेचा वैरी

हवेवाचून कुणाचंच चालत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी माझ्या मावशीचे धाकटे दीर पाहिलेले नाहीत. हा गृहस्थ नंदिगड्ड्यात जन्मला, बंगळूरच्या एका प्रयोगशाळेत नोकरीला लागला आणि हवेला दाराबाहेर ठेवण्यात त्याने उभी हयात घालवली. आमच्या या काकांकडे मास स्पेक्ट्रोमीटर होता, म्हणजे रेणू फोडून तुकड्यांची वजनं कागदावर रेघांनी मांडणारं यंत्र. त्यात जाणारी काही रसायनं इतकी नाजूक, की वारा लागला की नासलीच. ती नायट्रोजनमध्ये भरायची, काचेच्या नळीत बंद करायची आणि थेट यंत्राच्या पोटात सोडायची. जरा हयगय झाली की प्राणवायूचा एखादा अणू येऊन चिकटे आणि रेघ त्या अणूच्या वजनाने, म्हणजे सोळाने, पुढे सरके. कागद बघून काका शांतपणे विचारत, "बाटली उघडून हुंगलात ना?" आणि भलाभला संशोधक मान खाली घाली. काका कधी चुकत नसत. हे आम्हाला त्यांनीच सांगितलं होतं.

रजेवर घरी आले तरी वैर चालूच. रामनगरच्या बाजारातून मोठी प्लॅस्टिकची पिशवी आणायची, लोणच्याची बरणी तिच्यात ठेवायची, दोन्ही हात घालून पिशवी मनगटांशी बांधून घ्यायची आणि आतल्या आत झाकण उघडायचं. फोड बरणीतून निघायची. पिशवीतून पानात कशी यायची, हा प्रश्न उरायचा. आम्ही भात तसाच गिळायचो.

एका सुगीला त्यांची नजर बियाण्याच्या भातावर गेली. मावशीकडे ते पेंढ्याच्या मुड्यात बांधून ठेवायची रीत. काकांनी ते पुरतं वाळायच्या आत पत्र्याच्या डब्यात भरलं, झाकण मेणाने लिंपलं आणि म्हणाले, "वहिनी, आता पेरणीपत्तोर बघायचं न्हाई." घरात एवढा शिकलेला माणूस तोच, म्हणून मावशीने ऐकलं. पेरणीच्या तोंडावर काका आले, थाटात डबा फोडला आणि ओसरीभर कुबट वास पसरला. बी कुजलं होतं. मावशीच्या घराचं वर्षाचं पोट त्या डब्यात होतं.

ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "भावजी, तुमची औषधं निर्जीव हायत. बियाला जीव असतोय. त्याला वारा लागतोय."

"व्हय," काका म्हणाले. "माझं चुकलं, वहिनी."

दुसऱ्या दिवशी उजाडताच ते दिग्गी गावाकडे चालत निघाले. तिथे घरोघरी जाऊन, चूक आपलीच असं सांगून, त्यांनी बी मागितलं आणि तिसऱ्या दिवशी मुडा डोक्यावर घेऊन परत आले. मग तार करून पेरणी होईपर्यंत रजा वाढवली. मला ते तेव्हा फार आवडले.

काका आता नाहीत. मला आठवतात ते त्या पेरणीनंतर बांधावर बसलेले. मी शेजारी जाऊन बसलो होतो. वारा आला, कोवळी रोपं हलली.

"लागू दे," ते म्हणाले. "बरं असतंय त्यांना."